गुणगौरव पुरे, अर्जाचे बोला

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांमध्ये गुणगौरवाचा हंगाम सुरू होतो. शादीखाना घेतला जातो, बॅनर छापले जातात आणि बॅनरवर मुलांपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे असतात. वक्ते सांगतात की आपल्याला आलेला पहिला हुकूम वाचण्याचा होता, इल्मसाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जा. टाळ्या पडतात. ब्याण्णव टक्केवाल्या मुलीला शाल, ट्रॉफी आणि एक दफ्तर मिळते. चीन तर सोडाच, तालुक्याच्या कॉलेजातून पुढे तिने कुठे आणि कसे जायचे, हे मात्र कुणी सांगत नाही.

या समारंभांना माझा विरोध आहे. आपण इल्मचा सत्कार करतो, इल्मची सोय करीत नाही, ही माझी तक्रार आहे. ती नीट मांडण्यासाठी मी मुद्दाम सर्वांत उंच उदाहरण घेतो : ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. प्रत्येक मुलाने तिथेच गेले पाहिजे असे नाही. पण तिथे जायला काय लागते हे पाहिले की आपण आपल्या मुलांना काय देत नाही, ते उघडे पडते.

या दोन विद्यापीठांचे नाव काढले की आपल्याकडे पहिले उत्तर येते, 'ते आपल्यासाठी नाही.' खरे सांगायचे तर एके काळी ते कायद्यानेच कुणासाठी नव्हते. १८५४ पर्यंत इंग्लंडच्या अधिकृत चर्चची ३९ कलमे मान्य असल्याची सही केल्याशिवाय ऑक्सफर्डमध्ये नाव नोंदवता येत नसे. कॅथलिक बाहेर, ज्यू बाहेर, मग मुसलमानांचे काय घेऊन बसलात! पदव्यांवरची आणि अध्यापक-पदांवरची धर्माची अट बहुतांशी उठली ती १८७१ च्या कायद्याने. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी दिली १९२० साली आणि केंब्रिजने तर थेट १९४८ साली. म्हणजे तिथले प्रत्येक दार कुणीतरी ढकलले म्हणून उघडले आहे.

ढकलणाऱ्यांत आपल्या मातीतली माणसेही आहेत. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पहिल्या आल्या. विलायतेची शिष्यवृत्ती त्यांच्या हक्काची होती, पण त्या स्त्री असल्यामुळे ती नाकारली गेली. तेव्हा इंग्लंडमधल्या काही लोकांनी चक्क वर्गणी काढली. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये सोराबजी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या आणि १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा देणाऱ्या तिथल्या पहिल्या स्त्री ठरल्या. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले. माथेरानला जन्मलेले आसफ फैजी केंब्रिजच्या सेंट जॉन्समध्ये शिकले आणि मुस्लिम कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ आजही वकिलांच्या कपाटात असतो. इक्बाल ट्रिनिटीचे, मौलाना मोहम्मद अली लिंकनचे. मलाला युसुफझाई २०१७ मध्ये लेडी मार्गारेट हॉलमध्ये दाखल झाली.

यावर कुणी म्हणेल, 'ही सगळी बड्या घरची नाही तर नशीबवान माणसे.' पुष्कळ अंशी खरे आहे. आजही इंग्लंडात खाजगी शाळांत शिकणारी मुले शंभरात सातच्या आसपास, पण ऑक्सफर्डच्या ब्रिटिश विद्यार्थ्यांत मात्र साधारण एक-तृतीयांश तीच. म्हणजे नुसत्या हुशारीवर तिथेही भागत नाही. हुशारीच्या मागे पैसा, माहिती आणि तयारी उभी असावी लागते. श्रीमंताला ती घरात मिळते. गरिबाला समाजाने द्यावी लागते. आमचे घोडे नेमके इथेच पेंड खाते.

मुळात ही कॉलेजे आहेत तरी काय? ऑक्सफर्ड म्हणजे एक इमारत नव्हे. चाळीसहून अधिक कॉलेजे आणि हॉल मिळून ते विद्यापीठ झाले आहे. केंब्रिजमध्ये अशी ३१ कॉलेजे आहेत. प्रत्येकाची स्वतःची मालमत्ता, वसतिगृह, भोजनगृह, ग्रंथालय. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजची कथा पाहा. वॉल्टर डी मर्टन या गृहस्थाने १२६४ मध्ये आपल्या जमिनींचे उत्पन्न विद्यार्थ्यांच्या निर्वाहासाठी कायमचे लावून दिले आणि त्यात स्वतःच्या नातलग मुलांचीही सोय केली. वाचकहो, याला आपण काय म्हणतो? जमीन विकायची नाही, उत्पन्न ठरल्या कामालाच लावायचे, आपल्या वंशजांनाही वाटा ठेवायचा. हा तर वक्फचा नकाशा झाला! जॉर्ज मकदिसी यांनी १९८१ मध्ये युरोपच्या कॉलेजांचे नाते मदरशांशी जोडले. मोनिका गौडिओसी यांनी १९८८ मध्ये मर्टनच्याच नियमावलीवरून वक्फच्या प्रभावाची मांडणी केली. हे मत सर्व इतिहासकारांना मान्य नाही. पण उसने घेतले असो वा नसो, साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. त्यांची मालमत्ता साडेसातशे वर्षे विद्यार्थी पोसते आहे.

आणि आपली? सच्चर समितीने २००६ मध्ये हिशेब मांडला. देशात ४.९ लाखांहून अधिक नोंदणीकृत वक्फ मालमत्ता, बाजारभाव अंदाजे १.२ लाख कोटी रुपये आणि वर्षाचे उत्पन्न सुमारे १६३ कोटी. नीट वापरल्या तर १२,००० कोटी मिळू शकतील, असे समितीने सांगितले. त्याच अहवालात आणखी एक आकडा होता : नामवंत कॉलेजांतल्या पंचवीस पदवी-विद्यार्थ्यांत एक मुसलमान, पदव्युत्तर वर्गात पन्नासांत एक. हे दोन आकडे शेजारी ठेवून आपल्यापैकी किती जणांनी वाचले? २०२५ च्या वक्फ कायद्यावर आपण मोर्चे काढले, ते काढायलाच हवे होते. पण जमीन वाचवून तिच्यावर दुकानांचे गाळेच काढायचे असतील, तर वाचवली कुणासाठी?

आता अर्जाकडे येऊ. पदवीपूर्व प्रवेशाचा अर्ज प्रवेशाच्या आदल्या वर्षी १५ ऑक्टोबरपर्यंत जावा लागतो आणि एका वर्षी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, एकाच ठिकाणी करता येतो. परदेशी विद्यार्थ्याला ऑक्सफर्डमध्ये शिकवणीची फीच वर्षाला ३५,००० पौंडांच्या वर. आपल्या बहुतेक मुलांना जमण्यासारखा रस्ता पदवीनंतरचा आहे. पण त्यातही बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीतच मागवतात, म्हणजे मुलगी शेवटच्या वर्षाला असतानाच. आपण निकाल लागल्यावर जूनमध्ये शाल घेऊन तिच्या दारी पोहोचतो, तेव्हा गाडी सहा महिन्यांपूर्वी सुटलेली असते!

पैशांची वाट अजिबात नाही असे नाही. ऱ्होड्स शिष्यवृत्ती पूर्ण खर्च देते आणि १९७७ पासून मुलींनाही मिळते. हुशार पण गरीब भारतीय पदवीधरांसाठी फेलिक्स शिष्यवृत्ती आहे, केंब्रिजसाठी गेट्स आहे. मुंबईचा जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला कर्जाऊ मदत देतो. केंद्राची 'पढो परदेस' ही अल्पसंख्याकांसाठीची व्याज-सवलत २०१३ मध्ये आली आणि २०२२ मध्ये बंद झाली. सरकारला जाब जरूर विचारावा. पण ती चालू होती तेव्हा आपल्या किती शाळांच्या फलकावर तिची सूचना लागली होती, हा जाब कुणाला विचारायचा?

पैशांहून अवघड गोष्ट पुढे आहे. पदवीपूर्व प्रवेशाच्या मुलाखतीत पाठांतर विचारत नाहीत. कधी न पाहिलेला उतारा नाही तर गणित पुढे ठेवतात आणि मोठ्याने विचार करायला लावतात. शिकवण्याची पद्धतही तीच. ऑक्सफर्डमध्ये तिला ट्यूटोरियल म्हणतात, केंब्रिजमध्ये सुपरव्हिजन. एक अध्यापक, समोर दोन-तीन विद्यार्थी. ऑक्सफर्डचे एक सत्र अवघे आठ आठवड्यांचे. जवळपास दर आठवड्याला पुस्तकांचा ढीग वाचून निबंध लिहायचा आणि 'हे तू कशावरून म्हणतोस?' या प्रश्नाला तोंड द्यायचे. आमची मुले गाईडवर वाढलेली. घरात 'का?' विचारले तर 'मोठ्यांना उलटून बोलू नकोस', वर्गात विचारले तर 'पोर्शन संपवायचा आहे', दीनच्या बाबतीत विचारले तर 'तोबा कर.' आणि मुनाझरा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून मुद्द्याने खोडणे, ही तर आपल्याच मदरशांची जुनी रीत! ती आपण सोडली आणि दुसऱ्यांनी मुलाखतीत मागितली की घाबरतो.

दुसरे उत्तर भीतीचे आहे, 'पोर तिकडे गेली की हातची जाते.' मुलींच्या बाबतीत हे जरा जास्तच मोठ्याने म्हटले जाते. सर सय्यद १८६९ मध्ये मुलगा महमूदबरोबर स्वतः विलायतेला गेले. महमूद केंब्रिजमध्ये शिकले, पुढे अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. वडिलांनी तिथली वसतिगृहे आणि भोजनगृहे डोळ्यांनी पाहिली आणि १८७५ मध्ये अलीगढला त्याच धर्तीवर संस्था उभी करायला घेतली. त्यांच्यावर कुफ्रचे फतवे निघाले. ते फतवे देणाऱ्यांची नावे आज कुणाला आठवतात? ऑक्सफर्डमध्ये १६३६ पासून अरबीचे अध्यासन आहे. तिथल्या इस्लामी अध्ययन केंद्राच्या इमारतीत मशीदही आहे. ज्या घरातले ईमान प्रश्न विचारल्याने डळमळते, त्या घराने काळजी ऑक्सफर्डची करू नये, घराची करावी.

म्हणून जमातींना, ट्रस्टींना आणि गुणगौरव समित्यांना माझे सांगणे आहे. पुढची तीन वर्षे समारंभ बंद ठेवा. त्या पैशात दरवर्षी पाच मुले निवडा, बारावी झालेली नव्हे, पदवीच्या पहिल्या वर्षाची, त्यांत निम्म्या मुली. त्यांचे पासपोर्ट काढा. इंग्रजीच्या परीक्षेची फीच पंधरा हजारांवर जाते, ती भरा. बाहेर शिकून आलेल्या एखाद्याला आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांचे निबंध तपासायला बसवा. मशिदीच्या वरच्या मजल्यावर नाही तर शादीखान्यात एक अभ्यासिका काढा, तिथे मोठ्याने वाद घालायला परवानगी असू द्या. शिष्यवृत्त्यांच्या तारखा नमाजच्या वेळापत्रकाशेजारी लावा. पाचांतल्या चौघांना प्रवेश नाही मिळणार, कदाचित पाचांनाही नाही. पण तीन वर्षे वाचून, लिहून, वाद घालून तयार झालेली मुले पुण्यात, मुंबईत, दिल्लीत, कुठेही मागे पडणार नाहीत. पहिल्या पाचांची यादी कोणत्या गावाची जमात करते, तेवढे कळवा.