काळ्या मातीतली चाकं

गाडीच्या चाकांचं बॅलन्सिंग किती दिवसांनी करायचं, असं टायरच्या दुकानात विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं : दहा हजार किलोमीटरला एकदा. कोणी पाच हजार सांगतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत. मात्र ते बहुतेक डांबरावर चालणाऱ्या गाडीचे आहेत. परभणी जिल्ह्यात पाथरी, सोनपेठ, पालम, पूर्णा या भागात गाडी चालवणाऱ्यानं किलोमीटरच्या आधी पावसाळा मोजावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी बॅलन्सिंग म्हणजे काय, ते पाहू. टायर आणि रिम मिळून जे चाक होतं, त्याचं वजन सगळीकडे सारखं नसतं. टायरच्या जोडाशी थोडं जास्त, व्हॉल्व्हपाशी थोडं जास्त, रिमची जाडीही कुठे कमी कुठे जास्त. म्हणून हलक्या बाजूला शिशाचं किंवा जस्ताचं छोटं वजन लावून तोल साधतात. टायर झिजला, खड्ड्यात आदळून वजन उडालं किंवा टायर रिमवर जरासा सरकला, की तो तोल जातो.

वीस ग्रॅमचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण १४ इंची रिमच्या कडेला एवढा फरक असेल, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला तो सव्वातीन किलोच्या जोरानं चाक बाहेर ओढतो, आणि ते चाक सेकंदाला पंधरा वेळा फिरत असतं. म्हणजे प्रत्येक सेकंदाला पंधरा हिसके. बेअरिंगला, सस्पेन्शनला, स्टेअरिंगच्या सांध्यांना. वेग निम्मा केला की हा जोर पावपट होतो. १२० च्या वेगाला तो पावणेपाच किलोच्या घरात जातो. हे गणित परभणीकरानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. ते का, हे पुढे येईलच.

आता आपली माती. गोदाकाठची काळी जमीन कापसाला, सोयाबीनला, उसाला चांगली. रस्त्याला मात्र वाईट. पाण्यानं ती फुगते, उन्हानं आकसते, भेगाळते. तिच्यावर घातलेलं डांबर दोन-तीन पावसाळ्यांत लाटांसारखं वरखाली होतं. त्यावरून पुढे हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात. खड्डे पडायला वेगळं कारण लागत नाही. आणि डांबर सोडून पाणंद रस्त्याला लागलं की चाकं चिखलात. ही माती चिकट. टायरला लागलेली थोडं अंतर गेल्यावर झडते, पण रिमच्या आतल्या खोबणीत शिरलेली तिथंच राहते. संध्याकाळी गाडी दारात लावली की ओला चिखल खाली उतरून रिमच्या एकाच बाजूला जमतो आणि रात्रीतून वाळून घट्ट बसतो. शंभर-दीडशे ग्रॅम माती अशी सहज राहते. कारखान्यातून कितीही नेमका तोल साधून आलेलं चाक असो, या मातीपुढे त्याचं काही चालत नाही.

म्हणून पावसाळ्यात स्टेअरिंग अचानक थरथरायला लागलं, तर दुकानात जाण्याआधी गाडी धुऊन घ्या. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा फवारा बहुधा बाहेरूनच मारला जातो. खाली वाकून, चाकाच्या आतल्या अंगानं पाणी मारायला सांगा. लोखंडी रिमवर प्लॅस्टिकची टोपी असेल तर ती काढायला लावा. निम्म्या वेळा थरथर तिथंच थांबते. आणि बॅलन्सिंगला गेलात, तरी चाक मशीनवर चढवण्याआधी आतून स्वच्छ झालंच पाहिजे. मातीसकट तोल साधलेलं चाक माती गळाली की पुन्हा बिघडतं.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट यांत लोकांचा नेहमी गोंधळ होतो, दुकानदारही तो फारसा सोडवत नाहीत. गाडी एका बाजूला ओढत असेल, टायरची एकच कड झिजत असेल, तर ते अलाइनमेंटचं काम. ऐंशी ते शंभरच्या वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल, तर बहुधा पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग गेलेलं असतं. स्टेअरिंग शांत आणि बसायची सीट थरथरते, तर मागची चाकं पाहावीत. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर होते, तेव्हा ब्रेकची डिस्क तपासा. टायरच्या बाजूला फुगा आला असेल, तर बॅलन्सिंगवर एक रुपयाही घालवू नका. तो टायर बदलायचाच असतो. खड्ड्याच्या काठानं आतले धागे तुटले की असा फुगा येतो आणि तो कधीही फुटू शकतो.

मशीनपाशी स्वतः उभं राहावं. चाक फिरून थांबलं की आतल्या आणि बाहेरच्या बाजूला किती ग्रॅम हवेत, ते दोन आकड्यांत दिसतं. जुनी वजनं काढून नवी लावायची, चाक पुन्हा फिरवायचं आणि दोन्हीकडे शून्य दिसलं पाहिजे. बरीच दुकानं दुसऱ्यांदा फिरवत नाहीत. तिथं आपण आग्रह धरायचा. एका चाकाला ऐंशी-शंभर ग्रॅम लागत असतील तर रिम वाकली आहे का, हेही विचारायचं.

आता त्या गणिताकडे येतो. गंगाखेड किंवा जिंतूरकडे आपण पन्नास-साठच्या वेगानं जातो. त्या वेगाला बिघडलेलं चाक फारसं बोलत नाही. जे बोलतं ते खड्ड्यांच्या आवाजात बुडून जातं. वर्षभर गाडी ठीक वाटते. मग मुंबईला निघायचं म्हणून आपण जालन्याला समृद्धी महामार्गावर चढतो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा इगतपुरी ते आमणे ५ जून २०२५ ला, आणि आता ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता आहे. कारला १२० ची मुभा. बहुतेक रस्ता सिमेंटचा, सरळ. वर्षभर लपलेला दोष तिथं पहिल्यांदा उघडा पडतो, आणि जवळपास टायरचं दुकान नसतं. गाडीत लेकरं असतात, म्हातारी माणसं असतात. मला सगळ्यात काळजी वाटते ती याच प्रवासाची.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बॅलन्सिंग गेल्यामुळे टायर लगेच फुटत नाही. टायर फुटतो तो मुख्यतः कमी हवा, जास्त वजन, जुनं झालेलं रबर आणि सतत वेगानं वाढणारी उष्णता यांमुळे. समृद्धीवर सुरुवातीच्या काळात टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे परिवहन विभागाला वाहनांचे टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली. पण तोल गेलेलं चाक टायरला जागोजागी खातं, आणि असा ठिकठिकाणी पातळ झालेला टायर घेऊन मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, तापलेल्या सिमेंटवर १२० नं जाणं हे संकटाला बोलावणं आहे. हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासावी. किती हवी, ते ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेलं असतं. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की टायर कायद्यानंही बाद.

पुण्याला नोकरीला गेलेल्यांच्या गावाकडच्या गाड्या हा वेगळा विषय आहे. महिनोन्‌महिने एका जागी उभी राहिलेली गाडी टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा करून ठेवते. दिवाळीला मुलगा येतो, सेल मारतो आणि थेट देवदर्शनाला निघतो. अशी गाडी आधी हवा भरून जवळपास फिरवावी, थरथर गेली नाही तर चाकं मशीनवर घालावीत आणि मगच लांबचा पल्ला धरावा. घरी राहणाऱ्या आई-वडिलांना पंधरवड्यातून एकदा गाडी थोडी पुढेमागे करायला सांगितलं, तरी बराच फरक पडतो.

तर माझं उत्तर असं. वर्षातून दोनदा : एकदा पावसाळा सरल्यावर, दसऱ्याला गाडीची पूजा करण्याआधी, एकदा उन्हाळ्यात लग्नसराईची धावपळ सुरू होण्याआधी. मधे आठ-दहा हजार किलोमीटर झाले, तर तेव्हाही. शिवाय टायर रिममधून कोणत्याही कारणानं निघाला की दरवेळी. पंक्चर काढणारा टायर उघडून आतून ठिगळ लावतो, तेव्हा टायर रिमवर पूर्वीच्याच जागी बसत नाही. बाहेरून काडी घालून काढलेल्या पंक्चरला याची गरज नाही. खड्ड्यात जोरात आदळल्यावर वजनं जागेवर आहेत का, एवढं निदान उतरून पाहा.

जालना–नांदेड द्रुतगती महामार्ग उद्या आपल्याच जिल्ह्यातून जाणार आहे. तेव्हा तो १२० चा वेग जालन्याऐवजी आपल्या शिवारातच गाठता येईल, आणि शेतातून निघालेली चिखलाची चाकं थेट त्यावर चढतील. चार चाकांच्या बॅलन्सिंगला काही शे रुपये आणि तासभर वेळ लागतो. या दसऱ्याला गाडीला हार घालण्याच्या आदल्या दिवशी तेवढा काढा, आणि रिम आतून धुवायला विसरू नका.