‘तुझा विश्वास कमी पडला’ हे वाक्य आता बंद करूया

सप्टेंबर सुरू झाला की भाईंदर स्टेशनबाहेर उत्तनच्या बसची रांग वाढते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ८ सप्टेंबरला वेलंकनी मातेचा सण असतो. उत्तनच्या तीर्थमंदिरात त्या दिवशी कोळीवाड्यातल्या आज्या असतात, तशीच मीरा रोडच्या टॉवरमधून आलेली कुटुंबंही. सगळेच काही ख्रिस्ती नसतात. कुणाच्या आईचं ऑपरेशन असतं, कुणाला मूल होत नसतं, तर कुणाचा भाऊ दारू सोडत नसतो. त्याच सुमारास वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे विकायला असतात. जे दुखतं, त्याचं मेणाचं रूप आईपुढे ठेवायचं. साधी, जुनी, मुंबईकर श्रद्धा.

माझं भांडण या मेणबत्तीशी नाही, हे आधीच सांगते. भांडण आहे ते एका वाक्याशी.

चर्चच्या बाहेर, भाड्याच्या हॉलमध्ये किंवा एखाद्याच्या घरी ‘चंगाई सभा’ होतात. गाणी होतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते आणि बरे झालेले लोक माइक घेऊन साक्ष देतात. बऱ्याच सभा याच्यापुढे जात नाहीत. लोक रडतात, हलके होतात आणि घरी जातात. पण काही ठिकाणी एक पायरी पुढे जाते. ‘देवाने बरं केलंय, आता गोळ्या कशाला? गोळी घेणं म्हणजे संशय घेणं.’ आणि मग माणूस बरा झाला नाही की ते वाक्य येतं, ‘तुझा विश्वास कमी पडला.’

माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या मावशीला हे ऐकवलं गेलं होतं. गाठ होती, प्रार्थना चालू होती आणि डॉक्टरची पुढची तारीख टळत राहिली. शेवटी ती दवाखान्यात गेली, तेव्हा ट्रीटमेंट लांबली होती आणि महागलीही होती. मैत्रीण म्हणाली, ‘मावशीला आजारापेक्षा जास्त त्रास कशाचा झाला माहितेय? ती रात्री उठून विचार करायची, मी कुठे कमी पडले?’

जरा विचार करा. आजारी माणसाला आधीच वेदना आहेत, खर्च आहे, भीती आहे. त्यावर आपण अपराधाचं ओझं टाकतो. आणि हा दावा कधी खोटाही ठरू शकत नाही. बरा झालास तर प्रार्थनेमुळे, नाही झालास तर तुझ्यामुळे. सभा घेणारा दोन्हीकडे जिंकतो.

‘पण बायबलमध्ये श्रद्धेने बरं होण्याच्या गोष्टी आहेतच ना?’ आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी असलेली बाई येशूच्या वस्त्राला हात लावते आणि तो तिला सांगतो की तिच्या श्रद्धेने ती बरी झाली. सभांमध्ये ही गोष्ट हमखास येते. पण त्याच पुस्तकात बाकीचंही आहे. योहानच्या शुभवर्तमानात जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईवडिलांचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. पौलाने शरीरातला ‘काटा’ निघावा म्हणून तीनदा प्रार्थना केली आणि तो काटा निघाला नाही. आता पौलाचा विश्वास कमी पडला, असं कोण म्हणणार? आणि परंपरेने शुभवर्तमानकार मानला जाणारा लूक तर स्वतः वैद्य होता. म्हणजे ‘आजार म्हणजे श्रद्धेची परीक्षा आणि तू नापास’ हे गणित त्यांच्या ग्रंथातूनही सुटत नाही.

कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिकाही आपल्याला वाटते त्यापेक्षा सावध आहे. चंगाईच्या प्रार्थनांसाठी व्हॅटिकनने सप्टेंबर २००० मध्ये नियमावली काढली. त्यावर सही होती कार्डिनल रात्झिंगर यांची, म्हणजे पुढे पोप झालेल्या बेनेडिक्ट सोळावे यांची. प्रार्थना म्हणजे औषधोपचाराला नकार नाही आणि अशा सभांमध्ये उन्माद, नाटकीपणा, सनसनाटी नको, असं त्यात स्पष्ट आहे. फ्रान्समधल्या लूर्दचं उदाहरण तर आपल्या फॉरवर्ड बहाद्दरांनी वाचायलाच हवं. १८५८ पासून तिथे कोट्यवधी लोक गेले, हजारोंनी बरं झाल्याचे दावे केले. तिथे डॉक्टरांची समिती बसते, जुने रिपोर्ट तपासते आणि आजार गंभीर होता का, औषधाने बरा झाला का, पुन्हा उलटला का, असे प्रश्न विचारते. इतक्या वर्षांत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या केसेस किती? सत्तरच्या आसपास. जिथे चमत्काराला सर्वात जास्त भाव, तिथेच दावा मान्य करायला सर्वात जास्त वेळ लागतो. आणि आपल्याकडे एका संध्याकाळी डझनभर चमत्कार जाहीर होतात!

आता विज्ञानाकडे येऊ. अमेरिकेत सहा हॉस्पिटलांमधल्या १८०२ बायपास रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. या दोन्ही गटांना आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही, हे माहीत नव्हतं. गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय’ असं सांगितलं होतं. त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं! कदाचित दडपण आलं असेल, कदाचित योगायोग असेल. पण दूरवरून केलेल्या प्रार्थनेने ऑपरेशन सुरळीत होतं, असं काही दिसलं नाही.

मग श्रद्धेचा उपयोग शून्य? तसंही नाही. वेदना, मळमळ, झोप, घाबरणं यांवर मनाचा आणि अपेक्षेचा परिणाम होतो, हे प्लासिबोवरच्या संशोधनात वारंवार दिसलंय. आपल्यासाठी कुणीतरी गुडघे टेकलेत, हे कळल्यावर एकटेपणा कमी होतो. केमोच्या सहाव्या फेरीला जायची हिंमत कुणाला डॉक्टरकडून मिळते, कुणाला नोव्हेनातून. ती हिंमत खरी आहे. फक्त दुखणं कमी वाटणं आणि गाठ कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतू, ट्यूमर, वाढलेली साखर यांना आपण काय मानतो, याने फरक पडत नाही.

टीबीचंच घ्या. औषधं सुरू केल्यावर काही आठवड्यांत खोकला, ताप कमी होतो. त्याच काळात कुणी प्रार्थना केली असेल तर श्रेय तिला जातं आणि गोळ्या थांबतात. पण नेहमीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. मध्येच सोडला तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात आणि तेच जंतू घरातल्यांनाही लागू शकतात. फिट्सच्या गोळ्या अचानक बंद करणं तर जिवावर बेतू शकतं. सभेत साक्ष देणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच बरं वाटत असतं. पण जो बरा झाला नाही, त्याच्या हातात माइक कुणी देत नाही. पत्रकारितेच्या पहिल्या वर्षी शिकवतात, दुसरी बाजू घ्या. इथे दुसरी बाजू घरी अंथरुणावर असते.

हे फक्त ख्रिस्ती समाजाचं दुखणं आहे, असं कुणी समजू नये. मार्च २०२३ मध्ये आपल्याच मीरा रोडला बागेश्वर धामचा ‘दिव्य दरबार’ भरला होता आणि गर्दी काय होती, ते तुम्हाला आठवत असेल. गंडेदोरे, ताईत, अंगारा सगळीकडे आहे. म्हणूनच डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा कुठल्याही एका धर्माचं नाव घेत नाही. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणं त्यात गुन्हा आहे. आणि तोच कायदा घर, देऊळ, दर्गा, चर्चमधल्या प्रार्थनेला हात लावत नाही, जोवर कुणाला शारीरिक इजा होत नाही. रेष इतकी सोपी आहे. प्रार्थना करा, पण उपचार अडवू नका.

त्यामुळे धर्मांतराच्या नुसत्या संशयावरून प्रार्थनासभेत घुसून धिंगाणा घालणाऱ्यांना मी अंधश्रद्धा निर्मूलनवाले म्हणणार नाही. आणि प्रश्न विचारणाऱ्यावर गुन्हा दाखल करणाऱ्यांना श्रद्धाळूही म्हणणार नाही. २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागात क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकत होतं, लोक ते तीर्थ म्हणून नेत होते. सनल एडामारुकू यांनी ते तुंबलेल्या सांडपाण्याच्या लाइनमधून भिंतीत चढणारं पाणी असल्याचं सांगितलं. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते देश सोडून फिनलंडला गेले. तीर्थ म्हणून गटाराचं पाणी तोंडात जाऊ नये, एवढंच तर म्हणणं होतं.

ख्रिस्ती चंगाईचा महाराष्ट्रातला दुसरा चेहराही लक्षात ठेवा. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरने १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभारलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये दुष्काळी जामखेडला काम सुरू केलं. कमी शिकलेल्या, अनेकदा दलित असलेल्या गावच्या बायकांना आरोग्यसेविका बनवलं. बाळंतपणं, लसी, स्वच्छ पाणी, कुष्ठरोग हे सगळं त्या बायका बघू लागल्या. १९७९ मध्ये आरोळेंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोघंही श्रद्धावान ख्रिस्ती. त्यांच्या श्रद्धेने रुग्णाला ‘तू कमी पडलास’ म्हटलं नाही, ती स्वतः कामाला लागली.

मग तुमच्या घरात, तुमच्या ग्रुपमध्ये असं काही घडलं तर काय करायचं? खिल्ली उडवू नका. खिल्ली उडवली की माणूस तुमच्यापासून लपवायला लागतो आणि मग गोळ्या बंद केल्याचंही सांगत नाही. विचारा, ‘प्रार्थना चालू दे, पण गोळी घेतलीस ना?’ पुढची तारीख स्वतःच्या मोबाइलमध्ये टाका. भाईंदरच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात, म्हणजे आपल्या टेंभा हॉस्पिटलमध्ये, केसपेपरच्या रांगेत सोबत उभे राहा. टीबीची औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात, हे सांगा. आणि दोस्त महिनोन्‌महिने उदास असेल आणि घरचे ‘सैतान लागलाय’ म्हणत असतील, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर द्या. फोन फुकट आहे.

मार्कच्याच शुभवर्तमानात आणखी एक गोष्ट आहे. लकवा झालेल्या एका माणसाला चौघे जण खाटेसकट उचलून आणतात. गर्दीमुळे दारातून आत जाता येत नाही, तर छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. तिथे येशू त्यांची श्रद्धा पाहतो, असं लिहिलंय. खाटेवरच्या माणसाची परीक्षा घेतल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा तुमच्या ओळखीतल्या आजारी माणसाचा विश्वास मोजत बसू नका. खाटेचं एक टोक धरा, आणि आपल्या शहरात ती खाट ओपीडीपर्यंत न्यावी लागते, हे विसरू नका.