कारखाना आला, कामगाराने राहावयाचे कोठे?

औद्योगिक वसाहतीची आखणी होते तेव्हा जमीन, पाणी, वीज आणि रस्ते या गोष्टींचा हिशेब काटेकोरपणे मांडला जातो. उद्योजकाला भूखंड कोणत्या दराने मिळेल, वीज किती दिवसांत जोडून मिळेल, याची ग्वाही शासन देते. परंतु त्या कारखान्यात पाळीवर येणारा माणूस रात्री पाठ टेकणार कोठे, या प्रश्नाला त्या आखणीत स्वतंत्र रकाना नसतो. तो प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा असे गृहीत धरले जाते. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) पूर्वेस जालना रस्त्यावर वसलेले चिकलठाणा हे या गृहीतकाची किंमत कोण मोजतो ते पाहण्याचे उत्तम ठिकाण आहे.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर मराठवाड्यात ज्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या त्यांत चिकलठाण्याचे स्थान अग्रभागी होते. शेजारी विमानतळ आला. १९८२ च्या डिसेंबरात शहराला महानगरपालिका मिळाली आणि जे गाव शेतीवर जगत होते ते पाहता पाहता शहराचा भाग बनले. १९८० च्या दशकात वाळूज, पुढे शेंद्रा आणि आता शेंद्रा-बिडकीन असा उद्योगांचा विस्तार झाला. या साऱ्या काळात कारखान्यांच्या मागोमाग जालना, बीड, परभणी, बुलढाणा येथून आणि पुढे बिहार व उत्तर प्रदेशातूनही माणसे येत राहिली. येणाऱ्याची पहिली गरज मालकीचे घर ही नव्हती. आजही नाही. त्याला हवी असते ती महिन्याच्या पगारात बसेल अशी भाड्याची खोली.

मालकीच्या धोरणात हरवलेली भाड्याची खोली

गृहनिर्माणाचे आपले सारे धोरण मालकीच्या कल्पनेभोवती फिरत आले आहे. सिडकोने १९७० च्या दशकापासून या शहरात जी घरकुले उभारली ती मुख्यतः विकण्यासाठी. म्हाडाची सोडत निघते तीही मालकीच्या घरांचीच. कर्ज, व्याजातील सवलत, अनुदान हे सारे घर विकत घेणाऱ्याच्या वाट्याला येते. ज्याची नोकरी कंत्राटी आहे, ज्याला सहा महिन्यांनी कदाचित रांजणगावला किंवा चाकणला जावे लागेल, त्याने वीस वर्षांचे कर्ज कोणत्या भरवशावर काढावे? त्याच्या दृष्टीने भाड्याचे घर ही तडजोड नसून शहाणपणाची निवड असते. पण त्या निवडीला धोरणात जागा नाही.

आकडे हेच सांगतात. १९६१ साली देशाच्या नागरी भागातील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण २७.५ टक्क्यांवर आले. लोक श्रीमंत होऊन घरमालक झाले, एवढाच याचा अर्थ लावणे भाबडेपणाचे होईल. कारण २०१२ साली केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने नागरी भागात सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई असल्याचे सांगितले आणि तिचा जवळजवळ ९५ टक्के भाग दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या वाट्याचा होता. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेनुसार, नागरी भागातील सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी पडून होती. एकीकडे घराविना माणसे आणि दुसरीकडे माणसांविना घरे, असे हे विपरीत चित्र आहे. बाजारपेठ आहे, पण ती गरज आणि साधन यांची गाठ घालू शकलेली नाही.

भीतीचा वारसा

असे का व्हावे? याचे उत्तर काही अंशी कायद्याच्या इतिहासात सापडते. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडे १९४० च्या पातळीवर गोठवले. युद्धोत्तर टंचाईत ते योग्यच होते, परंतु ते गोठलेलेच राहिले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्या परवानाधारकांचे करार चालू होते, त्यांनाही नंतरच्या दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे स्पष्ट केले. मराठवाड्यात मात्र मुंबईचा कायदा नव्हता. येथे निजामी राज्याच्या वारशाने आलेला १९५४ चा हैदराबाद भाडे नियंत्रण कायदा लागू होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला, तेव्हा कोठे साऱ्या राज्याला एक कायदा मिळाला.

या नव्या कायद्याने घरमालकाची बाजू पुष्कळच भक्कम केली आहे. 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर दिलेले घर मुदत संपताच परत मिळवण्यासाठी कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि मुदतीनंतर जागा अडवून धरणाऱ्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. तरीही 'एकदा आत शिरलेला भाडेकरू बाहेर निघत नाही' ही समजूत मुंबईच्या चाळींतून निघून गावोगावच्या मालकांच्या मनात घर करून बसली आहे. कायदा बदलला, भीती उरली. त्या भीतीपोटी कित्येक सदनिका कुलूप लावून ठेवल्या जातात आणि ज्या दिल्या जातात त्या अनामत, अटी आणि चौकशांच्या भिंतीआडून.

कायद्याची दुसरी बाजू तर जवळजवळ अज्ञातच आहे. कलम ५५ नुसार जागा भाड्याने देण्याचा करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे. ही जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. इतकेच नव्हे, तर लेखी करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. एवढे संरक्षण असूनही कामगार वस्तीतील खोल्यांचे व्यवहार सर्रास तोंडी चालतात. लेखी कागद नसल्यामुळे पत्त्याचा पुरावा नाही. पत्त्याच्या पुराव्याअभावी गॅसजोडणी, मतदारयादी, मुलाचा शाळाप्रवेश अशी प्रत्येक पायरी अडते. दहा वर्षे एका गावात राबूनही माणूस कागदोपत्री तेथे पाहुणाच राहतो.

चाळीस दिवसांचे भांडवल

भाडे किती, यापेक्षाही खोलीत प्रवेश करताना किती रोकड लागते, हा प्रश्न नव्याने आलेल्या कामगारासाठी अधिक जाचक असतो. उदाहरणापुरते समजा की त्याचा पगार पंधरा हजार आहे आणि खोलीचे भाडे चार हजार. दोन महिन्यांची अनामत, पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे आणि दलालाचा एक महिना मिळून सोळा हजार रुपये होतात. पगार हाती पडणार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला. म्हणजे पहिला रुपया कमावण्यापूर्वी त्याला एका पगाराहून अधिक रक्कम मोजावी लागते आणि वर सुमारे चाळीस दिवस पोटही भरावे लागते. ही रक्कम येते ती गावाकडच्या सावकाराकडून किंवा मुकादमाच्या उचलीतून. रोजगाराची सुरुवातच अशी कर्जाने होते.

मग चौघे-पाचजण मिळून एक खोली घेतात. रात्रपाळीचा झोपून उठला की दिवसपाळीचा त्याच अंथरुणावर आडवा होतो. शहराला गेली अनेक वर्षे जायकवाडीचे नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. खोलीत टाकीला जागा नसणाऱ्याने ते साठवायचे कशात, हा वेगळाच प्रश्न. ज्या वसाहतीत यंत्राला लागणाऱ्या पाण्याची तरतूद आधी होते, तेथे माणसाला लागणाऱ्या पाण्याची सोय त्याच्यावर सोपवलेली असते.

येथे घरमालकाला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. ज्यांची शेती उद्योगासाठी आणि शहरासाठी गेली, त्यांपैकी कित्येकांना उरलेल्या तुकड्यावर बांधलेल्या चार-सहा खोल्यांचे भाडे हीच म्हातारपणाची पेन्शन आहे. शिवाय चिकलठाणा-मुकुंदवाडीच्या परिसरात आणि शहरभर पसरलेल्या गुंठेवारी वस्त्यांतील वीस बाय तीसच्या भूखंडांवर, कोणतेही सरकारी अनुदान न घेता, गरिबांनीच गरिबांसाठी खोल्या बांधल्या. कामगारांच्या निवाऱ्याचा मोठा भार आजवर या अनधिकृत म्हटल्या गेलेल्या बांधकामांनी उचलला आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने अशी बांधकामे नियमित करण्याची वाट मोकळी केली खरी, पण नियमितीकरणाचे शुल्क भरून घेताना त्या खोल्यांतून संडास, पाणी आणि उजेड आहे की नाही, हे पाहण्याची संधी दवडली जाऊ नये.

रिकार्डोने १८१७ साली खंडाचा जो सिद्धांत मांडला, तो चिकलठाण्यालाही लागू पडतो. जमीन मर्यादित असते आणि तिला मागणी वाढली की वाढलेल्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा जमिनीच्या मालकाकडे वाहतो. विमानतळाच्या सान्निध्यामुळे येथे इमारतींच्या उंचीवरही निर्बंध येतात. खोल्यांचा पुरवठा असा अडलेला असताना किमान वेतन वाढले, तर वाढीचा बराच भाग भाड्यात जिरून जातो. कामगार संघटना वेतनासाठी भांडतात. वाढलेले वेतन खोलीच्या दारातच गळते, याकडे त्यांचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही.

आडनावाची चौकशी

भाड्याच्या बाजारात पैशाखेरीज आणखी एक नाणे चालते. आडनाव कोणते, धर्म कोणता, एकटा की कुटुंबवत्सल, मुलगी असेल तर रात्री किती वाजता येणार, या प्रश्नांची उत्तरे मनाजोगी नसली की रिकामी खोली अचानक 'कालच दिली' म्हणून सांगितली जाते. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्यात राहण्यास जागा मिळाली नाही, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यांनीच १९५० साली या शहरात महाविद्यालय सुरू केले आणि त्याच्या परिसरात वसतिगृहांची सोय झाली. खेड्यातून येणाऱ्या दलित विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला तरी खोली मिळेल याची शाश्वती नसताना, वसतिगृह ही शिक्षणाचीच पूर्वअट होती. अस्पृश्यतेच्या कारणावरून वस्तीत राहण्यास आडकाठी करणे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परंतु न बोलता दिलेला नकार सिद्ध कसा करावयाचा? म्हणूनच संस्थांनी चालवलेली, नियमांनी वाटप होणारी भाड्याची घरे हा या प्रश्नावरचा अधिक खात्रीचा उपाय ठरतो.

डच खेड्याचा धडा

अशा वाटपाचा सर्वांत दीर्घ अनुभव नेदरलँड्सला आहे. १९०१ च्या गृहनिर्माण कायद्यापासून तेथे ना-नफा गृहसंस्था वाढल्या आणि आज देशातील चौथाईहून अधिक घरे त्यांच्या मालकीची आहेत. घराचे क्षेत्रफळ, सोयी, ऊर्जाबचत यांना गुण देऊन त्यावरून कमाल भाडे ठरते. ग्रामीण नगरपालिकेत घर हवे असलेला तरुण प्रादेशिक यादीत नाव नोंदवतो आणि वर्षानुवर्षे वाट पाहतो. गावचीच मुले गावाबाहेर फेकली जाऊ नयेत म्हणून स्थानिकांना काही घरांत अग्रक्रम देण्याची मुभाही नगरपालिकांना आहे. तेथे आडनाव विचारले जात नाही, क्रमांक विचारला जातो. ही त्या व्यवस्थेची थोरवी.

पण तिची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून मध्यम भाड्याच्या घरांनाही ही गुणपद्धती लागू झाली, तेव्हा अनेक खासगी मालकांनी भाड्याची घरे विकावयास काढली. नियम न्याय्य असले तरी नवी घरे उभी राहिली नाहीत तर रांग केवळ शिस्तशीर होते, आखूड होत नाही.

उपाय हाताशी आहेत

आपल्याकडे कागदावर साहित्य पुष्कळ जमा झाले आहे. टाळेबंदीत कामगारांचे तांडे पायी घराकडे निघाल्यावर, जुलै २०२० मध्ये, केंद्राने परवडणाऱ्या भाडे-गृहसंकुलांची योजना मंजूर केली. २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती सीमित करण्याचा नमुना राज्यांपुढे ठेवला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी सामायिक निवासांची घोषणा झाली आणि २०२५ च्या राज्य गृहनिर्माण धोरणातही कामगारांच्या घरांचा विचार आला. आता प्रश्न अंमलबजावणीचा आहे.

त्यासाठी चार गोष्टी तातडीने व्हाव्यात. औद्योगिक विकास महामंडळाने प्रत्येक वसाहतीत भाड्याच्या निवासांसाठी भूखंड राखावेत आणि ते विक्रीस कायमचे बंद असावेत. भाडेकराराचा सोपा मराठी नमुना वॉर्ड कार्यालयात व ग्रामपंचायतीत मिळावा आणि तेथेच अल्प शुल्कात नोंदणीची सोय व्हावी. अनामतीला मर्यादा घालावी आणि नव्या कामगाराची अनामत कारखान्याने वा कंत्राटदाराने भरून हप्त्याने वळती करावी. स्वच्छतेच्या किमान अटी पाळणाऱ्या छोट्या खोली-मालकाला मालमत्ता करात सवलत द्यावी.

सप्टेंबर २०१९ मध्ये ज्या ऑरिक नगरीचे उद्घाटन झाले, तिची जाहिरात घरापासून कारखान्यापर्यंत चालत जाता येईल अशी केली गेली. बिडकीनला वाहननिर्मितीचे मोठे प्रकल्प येऊ घातले आहेत. चालत कामावर जाण्याची ही सोय व्यवस्थापक आणि अभियंता यांच्यापुरतीच राहणार असेल, तर कंत्राटी कामगार पुन्हा चिकलठाण्यातील पत्र्याच्या खोलीतच पाचवा भागीदार म्हणून शिरेल. कारखान्याचा आराखडा मंजूर होतानाच कामगाराच्या खोलीचा आराखडा मागण्याचे धाडस शासनाने दाखवले, तरच औद्योगिक विकासाला मराठवाड्याचा विकास म्हणता येईल.