तुला काय हवं, असं कुणी विचारलं?

मैत्रिणींनो, युरोपातले ‘कलात्मक’ चित्रपट म्हटले की पुष्कळजणी नाक मुरडतात. चाल संथ, बोलणं कमी आणि कळायचं मात्र काही नाही! पण यांतले काही चित्रपट चक्क घरात, स्वयंपाकघरात घडतात. ते आपल्याला पंडितांच्या आधी कळतील.

या चित्रपटांत गोऱ्यांखेरीज इतर माणसं किती दिसतात, यावर हल्ली बरंच बोललं जातं. पण नुसतं दिसणं पुरे का? स्नेहसंमेलनाच्या नाटकात गर्दीत वीस मुली उभ्या असतात, वाक्य मात्र एकदोघींनाच असतं. हे आम्हा शिक्षिकांना पक्कं ठाऊक असतं.

जर्मन दिग्दर्शक फासबिंडर यांचा १९७४ सालचा ‘अली : फिअर ईट्स द सोल’ घ्या. म्युनिकमधली एमी ही साठीची विधवा. साफसफाईची कामं करून पोट भरणारी. ती आपल्याहून कितीतरी लहान अशा मोरोक्कोच्या कामगाराशी लग्न करते. मुलगा संतापून टीव्हीला लाथ घालतो, वाणी सामान द्यायचं नाकारतो. त्या कामगाराचं खरं नाव लांबलचक. पण सगळे त्याला अली म्हणतात, म्हणून तो अली! इथवर दोष जगाचा. पण पुढे एकदा तो कुसकुस मागतो. रव्याचे दाणे वाफवून करतात तो त्याच्या गावचा पदार्थ. तेव्हा एवढी प्रेमळ एमीच त्याला सुनावते, की आता इथल्या जेवणाची सवय करून घे. तो उठतो आणि ज्या बाईकडे कुसकुस मिळतं तिच्याकडे जातो. सगळ्या जगाशी भांडून आणलेला माणूस एका ताटावरून दुरावतो.

दुसरा चित्रपट १९६६ सालचा, सेनेगलच्या उस्मान सेम्बेन यांचा. हे गृहस्थ स्वतः मार्सेच्या गोदीत हमाली केलेले. चित्रपटाच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘अमक्याची काळी’. म्हणजे नावातही ती दुसऱ्याचीच! द्युआना डाकारमध्ये मुलं सांभाळत असते. फ्रान्सला नेल्यावर मात्र तिला धुणं, पुसणं, स्वयंपाक, सगळ्यालाच जुंपतात. मालकांपुढे ती जेमतेम ‘होय’ म्हणते. तिच्या मनातलं बोलणं फक्त आपल्याला ऐकू येतं. आईचं पत्र येतं, तर मालक ते वाचून दाखवतो आणि तिच्या वतीने परस्पर उत्तरही लिहायला बसतो. ती पत्र फाडून टाकते. शेवटी न्हाणीघरात जीव देते. जेमतेम तासाभराचा चित्रपट, पण दोन दिवस डोक्यातून जात नाही.

परस्पर उत्तर लिहिणं, हीच खरी मेख आहे. कान महोत्सव १९४६ साली सुरू झाला. पण त्याच्या मुख्य स्पर्धेत कृष्णवर्णीय स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट यायला २०१९ साल उजाडावं लागलं. तो माती दिओप यांचा ‘अटलांटिक’. त्याला ‘ग्राँ प्री’ हा मानाचा पुरस्कारही मिळाला. माणसं समुद्रापार निघून जातात, तेव्हा मागे राहिलेल्या मुलींचं काय होतं, हे त्यात आहे. इतकी वर्षं पत्र दुसऱ्यांनीच लिहिलं; आता लेखणी तिच्या हाती आली.

असे चित्रपट बघाल तेव्हा तीन गोष्टींवर नजर ठेवा. परक्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारतात का? त्याला काय खावंसं वाटतं, हे कुणी विचारतं का? आणि त्याच्या वतीने बोलतंय कोण? शाळकरी मुली असतील तर त्यांनाही शेजारी बसवा. थोड्या मोठ्या असतील तरच हं, विषय जड आहेत. खालची अक्षरं वाचायचा कंटाळा दहा मिनिटांत जातो.

आणि हो, नव्या सुनेचं नाव बदलताना किंवा ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ म्हणताना हेच तीन प्रश्न आठवले, तर ते दोन तास वाया गेले नाहीत असं खुशाल समजा!