बंडीचे चाक आणि मागासलेपणाचा आरोप

कापसाने लादलेल्या बैलबंड्यांची रांग दाखवणारे यवतमाळकडचे एखादे जुने छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरू लागले, की त्याखाली एक ठरीव वाक्य हमखास उमटते : मोहेंजोदडोपासून विसाव्या शतकापर्यंत आपली गाडी बदललीच नाही. पाठोपाठ दुसरे वाक्य येते. रबरी टायर उपलब्ध असूनही शेतकरी लाकडी चाकाला चिकटून राहिला, कारण तो रूढीग्रस्त होता. या दोन वाक्यांना इतिहास म्हणून शेकडो लोक पसंती देतात. हा धागा त्या दोन्ही वाक्यांच्या विरोधात आहे.

पहिले वाक्य वस्तुस्थितीतच चुकते. मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या खेळण्यातील गाड्यांची चाके बहुतांशी भरीव तबकड्यांसारखी आहेत. वऱ्हाडातील बंडीचे चाक म्हणजे मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांवर बसणारे पुठे आणि या सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव अशी जुळणी. या दोन चाकांत हजारो वर्षांचे लोहारकाम आणि सुतारकाम उभे आहे. दोन्ही चाके गोल आहेत म्हणून ती एकच मानायची असतील, तर विमानाचे चाकही मोहेंजोदडोचेच म्हणावे लागेल.

धाव चढवण्याची रीत पाहिली तरी ‘अडाणी’ हा शब्द घशात अडकावा. लोहार धावेचे कडे चाकापेक्षा किंचित लहान ठेवतो. गोवऱ्यांच्या जाळात ते लाल होईपर्यंत तापवतो, चिमट्यांनी उचलून पुठ्यांवर बसवतो आणि लगेच पाणी ओततो. सुमारे १३० सेंटीमीटर व्यासाचे लोखंडी कडे ५०० अंशांनी तापले की व्यासात जवळपास ८ मिलीमीटर वाढते, निवले की तेवढेच आकसते आणि सगळे सांधे एकमेकांत घट्ट दाबते. खिळ्यांच्या भरवशावर न राहता धातूच्या प्रसरणावर उभी असलेली ही रचना आहे. तिवसाचे आणि बाभळीचे लाकूड यासाठी निवडले जाई, ते सहज मिळते म्हणून आणि ते मार खाते म्हणूनही.

खरा प्रश्न चाकाच्या मापाचा आहे. बंडीचे चाक चार ते पाच फूट उंच का, आणि त्याची धाव दीड-दोन इंचच रुंद का?

तरुण वाचकांना हा हिशेब मोटारीच्या चाकावरून चटकन कळेल. वेगवान मोटारीसाठी टायर निवडणारा माणूस ‘२२५/४५ आर १७’ अशी ओळ वाचतो. टायरची रुंदी २२५ मिलीमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, आतल्या धातूच्या चाकाचा व्यास १७ इंच. गणित केले तर या चाकाचा एकूण बाहेरचा व्यास सुमारे ६३४ मिलीमीटर येतो. आता ‘२०५/५५ आर १६’ घ्या : ६३२. ‘१९५/६५ आर १५’ घ्या : ६३४. म्हणजे धातूचे चाक १५ वरून १७ इंचांवर नेले, तरी जमिनीवर फिरणारा घेर जवळपास तोच राहतो. बदलते ती रबराची भिंत. ती १२७ मिलीमीटरवरून १०१ वर येते. बुटकी भिंत वळणावर कमी लवते, म्हणून गाडी नेमकी वळते, आणि त्याच कारणाने खड्ड्याचा धक्का थेट धातूला बसतो. बाहेरचा घेरच वाढवला, उदाहरणार्थ ‘२२५/५५ आर १७’ बसवला, तर व्यास सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. वेगदर्शक १०० दाखवत असताना गाडी १०७ ने धावते आणि चाकाशी पोचणारा जोर तेवढ्या प्रमाणात घटतो. त्यातून धावेजवळचे वजन सर्वांत महाग पडते, कारण पातळ कड्यासारख्या चाकाला पुढे ढकलावे लागते आणि फिरवावेही लागते; त्याच्या प्रत्येक किलोला सुमारे दुप्पट ऊर्जा मोजावी लागते.

मोठे चाक म्हणजे वेगवान गाडी, ही समजूत जाहिरातींनी रुजवली आहे. फॉर्म्युला वनच्या मोटारी कित्येक दशके १३ इंचांच्या चाकांवर धावल्या, म्हणजे आजच्या अनेक घरगुती मोटारींपेक्षाही लहान चाकांवर. २०२२ मध्ये तेथे १८ इंच आले, तेव्हा वेगाची निकड हे त्यामागचे मुख्य कारण नव्हते. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या टायरांशी शर्यतीच्या टायरांचे नाते दिसावे, हा हेतू मोठा होता.

हाच हिशेब काळ्या मातीत नेला की चित्र पालटते. समोर १० सेंटीमीटर उंचीचा दगड किंवा ढेकूळ आहे असे समजू. ६३४ मिलीमीटर व्यासाचे कडक चाक त्यावर चढवायला चाकावरील भारापेक्षाही थोडा अधिक आडवा ओढ लागतो. १३० सेंटीमीटर व्यासाच्या बंडीच्या चाकाला भाराच्या सुमारे ६३ टक्के ओढ पुरतो. ओढणारे इंजिन म्हणजे दोन बैल, आणि त्यांना गिअर बदलता येत नाही. अशा वेळी चाकाची उंची हाच गिअर असतो.

अरुंद धावेचे कारणही मातीतच सापडते. यवतमाळची काळी, चिकण माती पावसात फुगते आणि चिखल होऊन चाकाला लिंपून बसते. चिखलाचा थर वीतभर आणि खाली टणक जमीन असेल, तर अरुंद धाव तो थर कापत खालच्या जमिनीवर टेकते. रुंद चाक तोच चिखल पुढे लोटत राहते. थर फार खोल असेल तर मात्र उलटे होते : रुंद टायर तरतो, अरुंद धाव रुतते. म्हणून कोणतेही एक चाक ‘श्रेष्ठ’ नाही. पांदणीवर एकदा चाकोरी पडली की पुढच्या प्रत्येक बंडीला दोन चाकांमधले अंतर त्या चाकोरीशी जुळवावे लागते. न जुळणारी गाडी एक चाक खड्ड्यात आणि एक उंचवट्यावर ठेवून कलंडते. ‘चाकोरी सोडत नाही’ असे शेतकऱ्याला हिणवणाऱ्यांनी तो शब्द कोठून आला हे एकदा पाहावे.

आता दुसरे वाक्य. त्यासाठी कापसाकडे वळावे लागते.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर खिळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. यवतमाळ मात्र मुख्य मार्गापासून दूर राहिले. हा जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. येथला कापूस धामणगावच्या स्थानकापर्यंत बंड्यांवर जाई. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंदमापी रेल्वे आली, तीच लोकांची लाडकी ‘शकुंतला’. रुळांमधले अंतर ७६२ मिलीमीटर. स्वस्त रूळ, लहान चाके, मंद वेग. कापूस हलवण्यासाठी कंपनीला एवढे पुरेसे वाटले. आश्चर्य असे की खर्चाकडे पाहून चाक निवडणाऱ्या त्या कंपनीला कोणी रूढीग्रस्त म्हणत नाही. तिला व्यवहारी म्हणतात.

मग मोटार आली. खडीच्या रस्त्याचे गणित बिघडले ते दोन वेगळ्या चाकांमुळे. लोखंडी धावेखाली चाकावरचा सगळा भार बोटभर पट्ट्यावर येतो आणि खडी चुरडून तिची भुकटी होते. मोटारीचा हवाभरला टायर वेगाने जाताना तीच भुकटी शोषून वर उडवतो आणि खडी मोकळी पडते. भारतीय रस्ते-अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके खडीचा रस्ता मिश्र वाहतुकीत का टिकत नाही हे असेच समजावून देतात. गुन्ह्यात दोन भागीदार होते. ठपका मात्र मुख्यतः धावेवर बसला.

१९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. १९२८ मध्ये तिचा अहवाल आला, १९२९ मध्ये पेट्रोलवरील जादा करातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. हे काम मोठे होते, यात शंका नाही. पण निधी पेट्रोलमधून येऊ लागला की रस्त्याचा धनी कोण, हे न सांगताच ठरते. बैल पेट्रोल पीत नाही. त्याच्या मालकाने शेतसारा भरलेला असतो, पण त्या रकमेवर ‘रस्ता’ असे लिहिलेले नसते.

पुढचा टप्पा यवतमाळच्या अगदी शेजारचा. १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांची ‘नागपूर योजना’ तयार झाली. दर १०० चौरस किलोमीटरमागे १६ किलोमीटर रस्ते, आणि शेतीच्या विकसित भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा दूर राहू नये, असे तिचे उद्दिष्ट होते. हे ५ मैल नीट वाचावेत. योजना कागदावर शंभर टक्के यशस्वी झाली असती, तरी शेतकऱ्याच्या वाट्याला मुख्य रस्त्यापर्यंतची ५ मैलांची कच्ची वाट येऊ शकत होती. त्याची बंडी आधी त्या चिखलातून जाणार आणि नंतर पक्क्या रस्त्यावर चढणार. एकच चाक, दोन परस्परविरोधी जमिनी. त्याने कोणते माप निवडावे? या प्रश्नाचे उत्तर न देता त्याला अडाणी ठरवणे सोपे होते, म्हणून तेच झाले.

रबरी टायर त्याला ठाऊक नव्हता असेही नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात टायरगाडी सर्रास रुळली. तेथे सहकारी साखर कारखाना होता, गाडीसाठी उचल होती, हंगामभर रोजच्या खेपा होत्या आणि मोठ्या खेपेला जास्त भाडे होते. टायरगाडीवर लाकडी चाकाच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त ऊस लादता येतो, म्हणून टायरचा खर्च वसूल होत असे. कोरडवाहू कापसाच्या शेतकऱ्याकडे यातले काय होते? कापूस वजनाला हलका आणि आकाराने अवाढव्य. बंडी भरते ती उंचीने, वजनाने नव्हे. खेपा वर्षातून मोजक्या. टायरला रोख पैसा लागतो, आणि बाभळीचा काटा त्याची वाटच पाहत असतो. लाकडी चाक मोडले तर गावचा सुतार आणि लोहार ते बलुत्यावर दुरुस्त करीत. टायर फुटला तर तालुक्याची वाट धरावी लागे. एकाच महाराष्ट्रात, एकाच भाषेत बोलणाऱ्या दोन शेतकऱ्यांनी दोन वेगळी चाके निवडली. रूढीग्रस्तता हेच कारण असते, तर ती पुणे आणि कोल्हापूरकडे अचानक कशी नाहीशी झाली?

याचा अर्थ लाकडी चाकाची आरती ओवाळावी असा नाही. ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ म्हणणारा दुसरा गटही तितकाच उथळ आहे. पक्क्या रस्त्यावर लोखंडी धावेची बंडी हा बैलांवर लादलेला जुलूम होता. प्रत्येक धक्का जुवातून मानेवर उतरत असे आणि खांदे सुजत. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक राहिलेले प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न धसास लावला, तो मुख्यतः जनावराच्या या हालांमुळे आणि वाया जाणाऱ्या शक्तीमुळे. त्यांचे म्हणणे योग्यच होते.

वेगासाठी चाक निवडण्याची कलाही या मातीला परकी नव्हती. विदर्भातील शंकरपटात धावणारा छकडा आणि शेतातली बंडी शेजारी उभी करून पाहावी. छकड्यावर ओझे नसते, म्हणून त्यात हलकेपणाला महत्त्व. बंडीला भार वाहायचा असतो, म्हणून उंची आणि ताकद. एकाच गावात वेगाची आणि वजनाची गाडी वेगळी घडवली जात होती, आणि घडवणाऱ्यांना फरक नेमका कळत होता. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या वादात बैलांच्या वेदनेचा प्रश्न खरा होता. पण वादाच्या धुळीत छकड्याच्या घडणीकडे कोणी पाहिले नाही.

हा प्रश्न केवळ चाकापुरता असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. यवतमाळचे नाव गेली कित्येक वर्षे शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत येते आहे, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी शेतकऱ्याच्या चुकीच्या निवडींची यादी वाचून दाखवतो. चुकीचे बियाणे, चुकीचे पीक, चुकीचे कर्ज. बंडीच्या छायाचित्राखालचे वाक्य त्याच यादीची जुनी आवृत्ती आहे. निवड दिसते, निवडीपुढची जमीन दिसत नाही.

पांढरकवड्याजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर बुटक्या टायरांची मोटार मजेत धावते. तीच मोटार पावसाळ्यात एखाद्या पांदणीला लागली, तर पहिल्या अर्ध्या मैलात तिचे सुंदर चाक वाकते. त्या मालकाला कोणी रूढीग्रस्त म्हणत नाही. लोक रस्त्याला नावे ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने शेत व पाणंद रस्त्यांसाठी ‘मातोश्री’ नावाची योजना जाहीर केली. नागपूर योजनेला तेव्हा ७८ वर्षे होऊन गेली होती, आणि ते शेवटचे ५ मैल अजून कागदावर मोजले जात होते.