रोवणीच्या आधी विचारा, हा पाय काय काय करू देतो?

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यातल्या घराघराला, आशाताईंना आणि ग्रामपंचायतींना ही तातडीची विनंती. पाऊस तोंडावर आला आहे. धानाच्या बांधीत उतरायची वेळ झाली, की हत्तीपायाच्या रुग्णांचे वाईट दिवस सुरू होतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तिथून जंतू शिरतात, हुडहुडी भरून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो. रोजी बुडते ती वेगळीच.

आरोग्य खात्याच्या यादीत या रुग्णांची नावे असतात, पुढे सुजेची श्रेणी असते. सुजलेल्या पायावर एखादी बाई अर्धा तास उभी राहू शकते का, हे मात्र त्यात सापडत नाही. आमची तक्रार एवढीच आहे. सूज थोडी, पण दर महिन्याला ताप, असा पाय माणसाला मोठ्या पण शांत पायापेक्षा जास्त छळतो. ब्राझीलच्या डॉ. जेरुसा ड्रायर आणि सहकाऱ्यांनी सुजेच्या सात पायऱ्या ठरवल्या. त्यातली शेवटची ठरते ती रोजची कामे स्वतःला जमेनाशी झाली यावरून. मग पहिल्या सहा पायऱ्यांवर कोणी काही विचारायचेच नाही का?

जागतिक आरोग्य संघटनेची बारा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे. ती गेल्या ३० दिवसांचे विचारते. अर्धा तास उभे राहवते का, किलोमीटरभर चालवते का, अंघोळ आणि कपडे आपले आपण होतात का, घरकाम उरकते का, चारचौघांत मिसळता येते का, मनाला किती लागते, किती दिवस काम बंद पडले. हे विचारायला डॉक्टर लागत नाही. मात्र एकांतात विचारा. सोयरीक मोडेल या धाकाने पाय झाकणारी मुलगी ओसरीवर सगळ्यांदेखत खरे सांगणार नाही. अशीच सूज हाताला आलेल्या, स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बहिणींनाही विचारा, बाही चढते का, कळशी उचलवते का.

उत्तरे तारखेसह वहीत लिहा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. पावसाळा सरल्यावर तेच प्रश्न पुन्हा विचारा, म्हणजे काळजीचा उपयोग झाला की नाही ते कळेल.

हत्तीपायाविरुद्धच्या मोहिमेतल्या गोळ्या जरूर घ्या, त्यांनी रोगाचा फैलाव थांबतो. जुनी सूज मात्र त्यांनी उतरत नाही. तिच्यासाठी रोज साबण-पाण्याने पाय धुणे, बेचके कोरडे करणे, बसताना पाय उंच ठेवणे, हेच औषध. टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम मिळाले नसेल तर उपकेंद्रात मागा. ग्रामपंचायतींनी या रुग्णांना चिखलातले सोडून बसून करण्याजोगे काम द्यावे.

आणि ताप आलाच, तर पाला बांधू नका, डागू नका, कातडीला चिरा देऊ नका. पायावर थंड पाण्याची ओली घडी ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.