वयस्क खेळाडूची जागा कोणती?



यंदा आजी-माजी विद्यार्थ्यांचा क्रिकेटचा सामना झाला, तेव्हा माजी संघात एक गृहस्थ आले होते. एके काळी औराद तालुक्यात त्यांच्या फलंदाजीची वाहवा होत असे. आता त्यांनी चाळिशी ओलांडली आहे. मान म्हणून त्यांना संघात घेतले आणि वय पाहून नवव्या क्रमांकावर ठेवले. त्यांची पाळी आली तेव्हा दोनच षटके उरली होती. गरज होती ती पळण्याची, आणि ते धावबाद झाले. मराठी, कानडी व उर्दू अशा तिन्ही भाषांतून प्रेक्षकांचा एकच निवाडा कानी आला, की आता यांचे वय झाले. मला तो मान्य नाही. दोष वयाचा नव्हता, जागेचा होता.

वय वाढले की पायांतील चपळाई जाते हे खरे. पण चेंडूची पारख, धीर आणि कोणता चेंडू सोडून द्यावा याची जाण एवढे तरी मागे उरतेच. मी वाढलो तो कोकणी मुलखात, फुटबॉल पाहत. तेथे आघाडीचा कसबी खेळाडू थकू लागला की त्याला बचावफळीत आणीत. सारे मैदान त्याच्या नजरेसमोर असे आणि त्याच्या एका अचूक लाथेने तीन पोरांची धावपळ वाचे. दूर ऑस्ट्रेलियात लंबवर्तुळाकार मैदानावर अठरा-अठरा गडी जो फुटबॉल खेळतात, त्यातही मधल्या फळीतील मुरलेल्या गड्याला पुष्कळदा असेच मागे नेतात.

क्रिकेटमध्ये मात्र ‘मागे’ म्हणजे सोपे, असे समजणे फसवे आहे. सुनील गावसकरांचेच पाहा. डिसेंबर 1983 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध मद्रासच्या कसोटीत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, सलामी सोडून ते चौथ्या क्रमांकावर उतरले. पण मार्शलने असा मारा केला की धावफलकावर शून्य असतानाच दोन गडी बाद झाले, आणि गावसकरांना जवळजवळ सलामीलाच यावे लागले! त्यांनी नाबाद 236 धावा केल्या. ते त्यांचे तिसावे कसोटी शतक. ब्रॅडमन यांचा 29 शतकांचा विक्रम त्याने मागे पडला. पुढे मार्च 1987 मध्ये आपल्याच राज्यात, बंगळूरला, ते अखेरची कसोटी खेळले तेव्हा सलामीलाच आले होते. चेंडू हातभर वळत होता. पाकिस्तानविरुद्ध 221 धावांचे लक्ष्य असताना त्यांनी एकट्याने 96 केल्या. भारत अवघ्या 16 धावांनी हरला. त्या दिवशी त्यांना सातव्या क्रमांकावर ‘विश्रांती’ दिली असती, तर पराभव कितीतरी मोठा झाला असता, असे मला वाटते.

सचिन तेंडुलकरांचे उदाहरण तर तुमच्या घरच्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. 2007 च्या विश्वचषकात त्यांना मधल्या फळीत खेळविले. बांगलादेशाविरुद्ध 7 आणि श्रीलंकेविरुद्ध 0. त्यांनी निवृत्त व्हावे अशी कुजबुज सुरू झाली. ते पुन्हा सलामीला आले, आणि 24 फेब्रुवारी 2010 रोजी ग्वाल्हेरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, छत्तिसाव्या वर्षी, 147 चेंडूंत नाबाद 200! पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतील ते पहिले द्विशतक. सलामीच्या फलंदाजाला डाव उभारायला अवकाश मिळतो. खाली येणाऱ्याला पहिल्या चेंडूपासून धावावे लागते. मग थकलेले पाय कोठे पाठवावेत, हे तुम्हीच ठरवा.

यावर कोणी म्हणेल, की मग नव्या पोरांनी वाट पाहत बसावे काय? आक्षेप रास्त आहे. नवा मुलगा सलामीला खरोखर सरस असेल, तर वयस्काने संघाबाहेर बसावे. तेथे माझी भीड नाही. परंतु मानासाठी नववी जागा देणे हा दोघांवरही अन्याय होय. त्या जागेने मुलाची संधी जाते आणि थोराची अब्रूही.

पुढील वर्षीच्या सामन्यासाठी मी माजी संघाच्या नायकांना सुचविले आहे, की त्या गृहस्थांना सलामीला पाठवावे आणि क्षेत्ररक्षणास सीमारेषेवर न धाडता स्लिपमध्ये उभे करावे. दहावीतील आपल्या वेगवान गोलंदाजांनी पहिल्याच चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडविला, तर मला जे बोलावयाचे ते त्यांनी खुशाल बोलावे. तोवर मात्र त्यांनी नव्या चेंडूचा सराव चुकवू नये.